डीएनएची नक्कल करणारं यंत्र कसं घडलं? समजून घेताना या चुका टाळा

डीएनएच्या नकलेची आकृती आपण शाळेत एकदाच पाठ करतो: उलगडलेली शिडी, एका धाग्यावर सलग नक्कल, दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी. ही आकृती बहुधा ई. कोलाय या जीवाणूची असते, आणि आपण ती बिनदिक्कत स्वतःच्या पेशींना लावून मोकळे होतो. घोळ इथूनच सुरू होतो.

जीवाणूंचं यंत्र म्हणजे जुनं मॉडेल आणि आपलं म्हणजे त्याचीच सुधारलेली आवृत्ती, ही सगळ्यात मोठी चूक. मुख्य अवजारं मुळात एका घराण्यातली नाहीतच. नवा धागा अक्षर-अक्षर जोडत विणणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. जीवाणूंचं पॉलिमरेज ३ हे सी-कुळातलं. आपली डेल्टा आणि एप्सिलॉन ही पॉलिमरेजं बी-कुळातली. सुरुवातीचा तुकडा घालून देणारं प्रायमेजही वेगळं. धागे सुटे करणारं हेलिकेज बघा. दोन्हीकडे सहा घटकांची अंगठीच, पण जीवाणूंची अंगठी ५' कडून ३' कडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) सरकते, म्हणजे तुकड्यांनी नक्कल होणाऱ्या धाग्यावरून. आपलं हेलिकेज, म्हणजे एमसीएम, ३' कडून ५' कडे, सलग नक्कल होणाऱ्या धाग्यावरून. काम तेच, गोत्र वेगळं. गंमत म्हणजे, सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंसारखेच दिसणारे, केंद्रक नसलेले आर्किया एमसीएम वापरतात. या बाबतीत ते आपले भाऊबंद.

म्हणूनच १९९९ मध्ये लाइप, अरविंद आणि कूनिन या संशोधकांनी डीएनएची नक्कल दोनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावी, अशी कल्पना मांडली. संशोधक पात्रिक फोर्तेर यांच्या मते डीएनए आधी विषाणूंत आला. दोन्ही गृहीतकं आहेत. उत्तरपत्रिकेत ती सिद्ध झाल्यासारखी लिहू नका.

आता उलटी चूक: क्रम जुळला नाही, म्हणजे नातं नाही. पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारं कडं घ्या. जीवाणूंत ते दोन तुकड्यांचं, प्रत्येकात तीन भाग. आपल्या कड्याचे, म्हणजे पीसीएनएचे, तुकडे तीन, प्रत्येकात दोन भाग. अमिनो आम्लांचे क्रम शेजारी ठेवले तर साम्य जेमतेम. पण १९९२ मध्ये जीवाणूंच्या आणि १९९४ मध्ये यीस्टच्या कड्याची रचना उलगडली, तेव्हा सहा भागांची जवळपास सारखीच कडी समोर आली. ब्लास्टच्या (क्रमांतलं साम्य शोधणारी संगणक प्रणाली) शोधात काही हाती लागलं नाही तर त्रिमितीय रचना तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

पॉलिमरेज १ म्हणजे पहिल्या क्रमांकाचं, हाही समज सोडा. तो शोधाचा क्रम आहे. आर्थर कॉर्नबर्ग यांना त्यासाठी १९५९ चं नोबेल मिळालं. १९६९ मध्ये हे एन्झाइम जवळजवळ नसलेले जीवाणू छान वाढताना सापडले, म्हणजे मुख्य नक्कल दुसरंच कुणी करत होतं. पुढे पॉलिमरेज २ आणि ३ शोधण्यात कॉर्नबर्ग यांचाच मुलगा होता!

पॉलिमरेज नवा धागा एकाच दिशेने, ५' कडून ३' कडे, वाढवतं; म्हणूनच एका धाग्यावर तुकडे पडतात. ‘उत्क्रांतीला उलट दिशेचं पॉलिमरेज जमलं नाही का?’ हा प्रश्न मात्र चांगला आहे. नवं अक्षर जोडायची ऊर्जा त्या अक्षरावरच्याच तीन फॉस्फेटांतून येते. उलट दिशेने जोडायचं तर ती साखळीच्या टोकावर ठेवावी लागली असती, आणि चुकीचं अक्षर कापताच ऊर्जाही गेली असती. काम तिथेच अडलं असतं. तुकडे जोडत बसणं त्या मानाने परवडलं.

शेवटची चूक मायटोकाँड्रियाची. ते मूळचे जीवाणू, तेव्हा त्यांचं नकलयंत्रही जीवाणूंचंच, असं वाटणं साहजिक. प्रत्यक्षात आपल्या मायटोकाँड्रियातलं ट्विंकल हेलिकेज आणि आरएनए पॉलिमरेज यांचे जवळचे नातेवाईक सापडतात ते टी७ सारख्या, जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंत.