जिजाई आणि बालो : अभिनयशैलींची तुलना कशी करावी

अभिजात आणि प्रयोगशील चित्रपटांतील अभिनयाची तुलना करताना दोन पूर्ण चित्रपट एकदम समोर ठेवू नयेत. परिस्थिती मिळतीजुळती असलेले एकेक दृश्य निवडावे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रसिकांना मी प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९६९) ही जोडी सुचवेन, कारण दोन्हींत नवऱ्यापायी झिजणारी आणि घरच्या अन्नाची काळजी वाहणारी बायको आहे.

प्रथम दोन्ही दृश्ये आवाज बंद करून पाहावीत. आजारी मुलाला घेऊन देवळात विठ्ठलाला जाब विचारणाऱ्या जिजाईचा संताप ती भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या सबंध शरीरातून कळतो. याउलट, बसचालक नवऱ्यासाठी जेवण घेऊन थांब्यावर उभी असलेली ‘उसकी रोटी’तली बालो चेहऱ्यावर जवळजवळ काहीच उमटू देत नाही. तिथे नजर कुठे खिळली आहे, हात किती वेळ स्थिर आहेत आणि कॅमेरा कधी हलतो, हे पाहावे लागते. मग केवळ आवाज ऐकावा. बालोचे सपाट, सावकाश बोलणे म्हणजे अभिनय न जमणे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. कौल यांच्यावर फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांचा प्रभाव होता आणि ब्रेसाँ तर नटांना ‘मॉडेल’ म्हणत, ठरीव भाव गळून पडेपर्यंत त्यांच्याकडून तीच कृती पुन्हापुन्हा करून घेत.

अभिजात अभिनयही एकजिनसी नसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले. त्यांचा तुकाराम शांत, स्वतःतच मग्न आहे, तर त्याच चौकटीतली जिजाई शेजारच्या घरातून उठून आल्यासारखी भांडते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातले असल्याने संगीत नाटकाचे संस्कार इथे अनेकांच्या कानांवर आहेत. पागनीसांचे अभंग ऐकताना नाट्यपदाची आतषबाजी त्यांनी कुठे टाळली, हे इथल्या रसिकांनी जरूर टिपावे.

सीमाभागात आणखी एक चाचणी सहज करता येते. मराठी फारसे न समजणाऱ्या कन्नडभाषक शेजाऱ्याला जिजाईचे दृश्य दाखवून त्याला काय कळले ते विचारावे, म्हणजे शब्दांचा वाटा किती आणि देहबोलीचा किती, हे वेगळे काढता येते. टिपणात ‘सुंदर’, ‘कंटाळवाणे’ अशी विशेषणे न लिहिता ‘मान वळवली’, ‘उत्तरापूर्वी थांबली’ अशा कृतीच नोंदवाव्यात आणि मगच मत बनवावे.