आजी-आबा गेल्यावर लहान मुलांना गोष्ट सांगताना या चुका टाळा

घरात आबा किंवा आजी गेले की मोठ्यांना काही सुचत नसतं, फोन, पाहुणे, स्मशानघाट, मग अस्थी घेऊन रामटेकला अंबाळा तलावावर, मग तेरवी, आणि या सगळ्या गडबडीत चार वर्षांचं पोट्टं सोफ्याच्या कोपऱ्यात बसून सगळं बघत असतं. मग कोणीतरी त्याला मांडीवर घेतं आणि जी सुचेल ती गोष्ट सांगून मोकळं होतं. गोष्ट सांगणं चांगलंच आहे, एवढ्या लहान वयात समजावून सांगण्यापेक्षा गोष्टच लवकर पोचते, पण मी बालवाडीत शिकवते ना, तर पाहते की घाईत सांगितलेली ही गोष्टच पुढं कितीतरी दिवस नडते. कारण बहुतेक वेळा ती मरण सांगायला नाही, लपवायला सांगितलेली असते.

"आबा गावाला गेले", "आजी झोपली"

सगळ्यात कॉमन चूक हीच. मारिया नागी नावाच्या बाईंनी हंगेरीतल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी मरणाबद्दल बोलून एक अभ्यास केला होता, तो १९४८ मध्ये छापून आला, त्यात पाच वर्षांखालची मुलं मरण म्हणजे कुठंतरी जाणं किंवा झोपणं असंच समजत होती, म्हणजे परत येता येतं असं. आता बघा, मूल आधीच तसं समजतंय आणि आपण वरून तेच सांगतो! मग बाबा ऑफिसच्या कामानं पुण्याला निघाले की बॅग धरून रडारड, किंवा रात्री झोपायलाच नको म्हणणं. "देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेलं" हे तर अजून कठीण, मग शहाण्यासारखं वागायचीच भीती.

त्यापेक्षा सरळ सांगा: "आबा वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येईल." एवढं सांगून थांबायचं आणि मूल काय विचारतं ते पाहायचं. फक्त "आजारी होते म्हणून गेले" एवढ्यावर सोडू नका, नाहीतर पुढच्या सर्दी-तापाला मुलाचा चेहरा बघवत नाही. खूप म्हातारं शरीर, खूप मोठा आजार, डॉक्टरांनाही बरा करता आला नाही, आणि तुझा ताप तसा नाही, हे वेगळं करून सांगावं लागतं.

पुराणातली हाताशी असलेली गोष्ट काढणं

आपल्याकडं गोष्टींचा खजिना आहे म्हणून हा मोह होतोच. पण सावित्रीनं सत्यवानाला यमाकडून परत आणलं ही गोष्ट या आठवड्यात सांगितली तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, "मग आजी आबांना काऊन नाही आणत?" आणि हे मूल आजीलाच जाऊन विचारणार, जिचं आत्ताच कुंकू पुसलंय. गणपतीचंही तसंच, डोकं नवीन लावलं आणि उठून बसला, मग डॉक्टरकाकांना जमलं कसं नाही. श्रावणबाळाच्या गोष्टीत चुकून लागलेल्या बाणानं मरण येतं, आणि इथं एक गंमत लक्षात घ्या, गंमत कसली म्हणा, ४-५ वर्षांच्या मुलांना असंही वाटत असतं की आपण रागावलो म्हणून काहीतरी झालं. "मी आबांना जा म्हटलं होतं" असं मनात धरून बसलेलं पोर ती गोष्ट ऐकून काय समजेल?

नागपुरात कितीतरी घरांत बुद्धाच्या काळातल्या किसा गोतमीची गोष्ट सांगतात, ज्या घरात कोणीच मेलं नाही तिथून मोहरी आणायची ती. गोष्ट फार मोलाची आहे, पण तिच्यात मेलेलं लेकरू आहे. माझ्या मते आठ-नऊ वर्षांच्या पुढं सांगा, तेव्हा मरण सगळ्यांना आहे हे मुलांना झेपायला लागलेलं असतं. बालवाडीच्या वयाला नको.

घरात प्रत्येकाची वेगळी गोष्ट

आत्या म्हणते तारा झाले, काका म्हणतात देवाघरी, शेजारच्या काकू पिंडाजवळचा कावळा दाखवून म्हणतात बघ आबा आले. मग पावसाळ्यात तारा दिसत नाही म्हणून एक टेन्शन, आणि गच्चीवर वाळवणावरून कावळा हाकलला की "आबांना मारू नको" म्हणून दुसरं. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाहीये, घरात जे मानतात ते सांगा की, पण आधी शरीराचं सांगा आणि मग "आपण असं मानतो की..." म्हणून दुसरं जोडा. आणि ते वाक्य सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवा, हे तेरवीच्या आधीच उरकून घ्या.

"आबा वरून बघतायत, दूध पी" हे मात्र बंदच करा बापा. दूध पितं खरं, पण मग बाथरूममध्ये एकटं जायला घाबरतं.

आबांना देवमाणूस करून टाकणं

गोष्ट खऱ्या आबांची पाहिजे. समजा आबा उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायचे. पाइप खिडकीतून आत घ्यायचा, नातवाला नळाशी उभं करायचं, "सोड" म्हटलं की सोडायचा आणि "बस" म्हटलं की बंद, आणि पोरानं मुद्दाम उशीर केला की फरशीभर पाणी आणि आबांची बडबड. झाली की गोष्ट! आता तिच्यात पुढचं घाला: मग आबा खूप आजारी पडले, मग वारले, मग सगळे रडले, आणि मे महिना आला तेव्हा कूलर कोण भरणार? हे मुलाला सांगू द्या. ते म्हणेल बाबा भरतील, किंवा म्हणेल कूलर लावायचाच नाही, काहीही म्हणू द्या, शेवट आपण दुरुस्त करू नका. आबा चिडायचे, घोरायचे, डॉक्टरनं नाही म्हटलेलं असताना तर्रीपोहे खायचे, हे सगळं राहू द्या, मुलांना हसायलाही हवं असतं. गोष्ट शक्यतो दिवसा सांगा, झोपायच्या वेळी नको.

गोष्ट सांगितली तरी गाडी अडली तर

तोच प्रश्न दहा वेळा येत असेल तर गोष्ट फसली असं नाही. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या. पाच मिनिटं रडून लगेच खेळायला पळालं तर "याला काहीच वाटत नाही" असं म्हणू नका, लहान मुलांचं दुःख असंच थोडं थोडं येतं. बाहुलीला पांढरी चादर गुंडाळून रामनाम सत्य है करत घरभर फिरलं तर पाहुण्यांसमोर कसंतरी होतं मान्य आहे, पण तीही त्याची गोष्टच आहे, ओरडू नका. घाटावर आबांना चटका बसला का असं विचारलं तर शरीर बंद पडल्यावर काहीच जाणवत नाही, एवढं सांगा. "तू पण मरशील?" याला "कधीच नाही" म्हणू नका, "मला खूप वर्षं तुझ्यासोबत राहायचंय, आणि तुला सांभाळायला बाबा, मावशी सगळे आहेत" हे बरं. रागात बोलल्यानं कोणी मरत नाही, हे तर न विचारता सांगून टाका.

सण आला की सगळं परत वर येतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल आबाच सजवायचे आणि बोजारा (खाऊ-पैसे) मागायला घरोघर तेच घेऊन जायचे असं असेल, तर त्या आठवड्यात चिडचिड वाढणार हे धरूनच चाला, आणि बैल सजवताना आबांची गोष्ट आपणहून काढा.

मात्र कितीतरी आठवडे खाणं-झोप बिघडलेली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू आणि थांबतच नाही, किंवा "मलाही आबांकडं जायचंय" असं सारखं म्हणणं, असं असेल तर गोष्टींवर विसंबू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं. आणि शाळेतल्या टीचरला घरात ठरलेलं ते वाक्य आधीच सांगून ठेवा, नाहीतर आम्ही बिचाऱ्या वर्गात भलतंच काहीतरी बोलून बसतो.