जेट जमान्यातल्या विमान-जाहिराती: पारख, दुरुस्ती आणि कोल्हापूरच्या पावसात जपणूक

विमान कंपन्यांचा जुना कागद टिकावा म्हणून छापलेलाच नव्हता. टाइमटेबल पुढचा हंगाम आला की बाद. लगेज लेबल बॅगेवर चिकटायचं आणि बॅगेबरोबरच झिजायचं. पोस्टर तिकीट एजंटाच्या काचेवर लागायचं आणि नवं आलं की खाली उतरायचं. म्हणूनच पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतून असं काही निघालं, की पहिल्या दहा मिनिटांत त्याला हात कसा लागतो यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. आधी बघायचं, मग काळ ठरवायचा, दुरुस्तीचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की नुकसान होतं. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि गरम लॅमिनेशन या तीन गोष्टींनी जेवढी पोस्टर्स मेली, तेवढी वाळवीनेही मारली नसतील.

कुठे शोधायचं

कोल्हापुरात दोन वाटा आहेत. पहिली घरांची. उद्यमनगरातले जुने कारखानदार, परदेशात शिकून आलेले डॉक्टर, प्राध्यापक अशा घरांत 1960-70 च्या दशकांतल्या प्रवासाचे कागद असू शकतात: तिकिटाचं पाकीट, जेवणाचं मेन्यू कार्ड, बॅगेज टॅग, पत्त्यांचा जोड, विमानात मिळणारी पोस्टकार्डं. घर रिकामं करताना ही चीजवस्तू थेट रद्दीत जाते, म्हणून आधी शब्द टाकून ठेवावा.

दुसरी वाट रद्दीवाल्यांची. तिथे सुटं पोस्टर मिळण्याची आशा धरू नका, जुन्या इंग्रजी साप्ताहिकांचे आणि मासिकांचे गठ्ठे मागा. पानभर जाहिराती त्यातच असतात आणि नवशिक्यासाठी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा माल. जाहिरातीचं पान कापून घेऊ नका. अंकच घ्या. तारीख, किंमत, मागच्या पानावरचा मजकूर हा त्या जाहिरातीचा जन्मदाखला असतो. पान आधीच सुटं झालेलं असेल, तर कडा न छाटता आहे तसं ठेवा.

काळ ठरवणं

यात खरी मजा आहे, आणि त्यासाठी कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. कागदावरच सगळं लिहिलेलं असतं.

आधी कंपनीचं नाव वाचा. 1932 साली सुरू झालेली टाटा एअरलाइन्स 1946 मध्ये एअर इंडिया झाली. परदेशी उड्डाणांसाठी 1948 मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल आली आणि 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला पहिलं विमान गेलं. 1962 मध्ये नावातलं ‘इंटरनॅशनल’ गळालं. म्हणजे ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ अशी छपाई दिसली, की तो कागद साधारण 1948 ते 1962 मधला. देशातल्या उड्डाणांची इंडियन एअरलाइन्स 1953 ची. परदेशी कंपन्यांतही हीच युक्ती चालते: बीओएसीचा कागद 1974 च्या पुढचा असू शकत नाही, कारण त्या साली ती ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली. पॅन अ‍ॅम 1991 ला बंद पडली.

एअर इंडियाचं बोधचिन्ह असलेला महाराजा दिसला म्हणून मात्र साल ठरत नाही. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांनी 1946 मध्ये त्याला घडवलं, आणि पुढे अनेक दशकं तो वापरात राहिला. त्याच्या भोवती काय आहे ते बघा.

भोवतालचं सगळ्यात बोलकं चिन्ह म्हणजे विमान. शेपटीला तीन उभे पंख आणि पुढे चार पंखे असतील तर ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन, म्हणजे जेटच्या आधीचा काळ. पंखांखाली टांगलेली चार सडपातळ जेट इंजिनं असतील तर बहुधा बोइंग 707. एअर इंडियाकडे ते 1960 मध्ये आलं, त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. 1962 मध्ये पंख्याची विमानं पूर्ण सोडून फक्त जेट उडवणारी जगातली पहिली कंपनी म्हणून एअर इंडियाने त्याचा भरपूर डांगोरा पिटला. ‘ऑल जेट’ छापाच्या जाहिराती त्या सुमाराच्या. पुढच्या बाजूला उंचवटा असलेलं एअर इंडियाचं 747 दिसलं तर साधारण 1971 किंवा नंतरचं. इंजिनं पंखांच्या मुळाशी दडलेली असतील तर कॉमेट, आणि चारही इंजिनं शेपटीपाशी जोडीजोडीने असतील तर बहुधा बीओएसीचं व्हीसी-10, म्हणजे 1964 नंतरचं.

मग बारीक अक्षरांकडे वळा. किंमत आण्यांत असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर 1957 ते 1964. पत्त्यात ‘बॉम्बे-1’ एवढंच असेल तर बहुधा 1972 च्या आधीचा कागद, कारण पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया बिल्डिंगचा फोटो असेल तर 1974 च्या आसपासचा किंवा नंतरचा. न्यूयॉर्कच्या विमानतळाचं नाव ‘आयडलवाइल्ड’ असेल तर 1963 च्या अखेरच्या आतला, श्रीलंकेचं नाव ‘सिलोन’ असेल तर 1972 च्या आतला. अशा तीन-चार खुणा एकमेकांना जुळल्या की एक-दोन वर्षांच्या फरकाने साल सांगता येतं. एक खूण बाकीच्यांशी भांडत असेल तर कागद नकली असण्याची शंका धरायची.

अस्सल की नक्कल

गुजरीत सराफ वापरतात तसं 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. याहून महाग काही लागत नाही.

ऑफसेटवर छापलेल्या फोटोत चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसतात आणि भिंगाखाली त्यांची बारीक फुलं दिसतात. इंकजेटवर काढलेल्या नकलेत ही नियमित फुलं नसतात, शिंतोडे उडाल्यासारखे विस्कळीत ठिपके असतात. पण नुसती फुलं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, कारण आज ऑफसेटवरही नक्कल निघते. खरी परीक्षा अक्षरांची. मूळ छपाईत काळी अक्षरं भरीव असतात, कडा धारदार. जुन्या कागदाचा स्कॅन घेऊन पुन्हा छापलं की अक्षरंही फोटोचा भाग होतात. त्यांच्या कडा भुरकट होतात आणि काळ्यात गुलाबी-निळे ठिपके डोकावतात. सगळ्यात बारीक टाइप जिथे असेल तिथे, म्हणजे बहुधा तळाशी छापखान्याच्या नावाच्या ओळीवर, भिंग ठेवा. नक्कल असेल तर ती ओळ नीट वाचताच येत नाही.

चित्रकाराने सपाट रंगांत काढलेल्या पोस्टरची गोष्ट वेगळी. तिथे लाल म्हणजे लाल शाईचा एकसंध थर असू शकतो, ठिपका एकही नाही. तेच पोस्टर ठिपक्यांत दिसलं तर ती नंतरची प्रत आहे. हाताने काढलेल्या पोस्टरची नजर या गावाला वेगळी शिकवावी लागू नये, बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. रंगाचा थर, ब्रशचा फटकारा, अक्षरांचं वळण हे आधी साध्या डोळ्यांनी वाचा, भिंग नंतर.

माप घ्या. त्या काळची पोस्टर्स इंचांत असत: 20 × 30 किंवा 25 × 40 ही नेहमीची मापं. एखादं ‘जुनं’ पोस्टर नेमकं 297 × 420 मिलिमीटर, म्हणजे ए-3 भरलं, तर विकणाऱ्याला सरळ प्रश्न विचारा. चहात बुडवून पिवळा केलेला कागदही ओळखू येतो: पिवळेपणा सगळीकडे सारखा, पाठपोट सारखा. वयाने आलेला पिवळेपणा कडांना जास्त, मध्ये कमी. जुन्या घडीवर शाई तडकलेली असते आणि आतला पांढरा धागा दिसतो.

नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचा उपयोग मर्यादित आहे. कागद निळसर चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते 1950 नंतर सर्रास वापरात आलं. 1948 चं म्हणून विकलेलं टाइमटेबल चमकत असेल तर ते घेऊ नका. 1965 चं चमकलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

साफसफाई आणि दुरुस्ती

ओलं फडकं कधीच नाही. मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडा. मग पांढरं व्हिनाइल खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा कागदावर बोटाच्या टोकाने हलकेच गोल फिरवा आणि ब्रशने काढून टाका. पेन्सिलीने लिहिलेली नोंद आणि रबरी शिक्का टाळून.

टाइमटेबलच्या पिना गंजलेल्या असतात, आणि दमट हवेत तो गंज कागदात उतरत जातो. पिन उपसू नका. मधलं पान उघडा, पिनेच्या वळलेल्या टोकांखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागत नाही. एकेक टोक बोथट सुरीने उभं करा आणि मग पाठीकडून पिन सरळ बाहेर घ्या. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला बांधा.

फाटलेल्या जागेसाठी गव्हाच्या स्टार्चची खळ करा. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनवर कसर आणि झुरळं येतात. एक भाग स्टार्च पाच भाग पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत 20 ते 25 मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा, गार झाल्यावर मलमलीतून दोनदा गाळा आणि पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये तीन दिवस चालते, आंबूस वास आला की टाकून द्या. बाइंडरकडची तयार खळ वापरायचा मोह होईल, पण तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेलं असू शकतं. मोरचुदातलं तांबं कागदाचा तंतू कुजवतं, आणि काही वर्षांनी जोडाच्या दोन्ही अंगांनी तपकिरी रेघ उमटते.

वर लावायला 10 ते 12 जीएसएमचा जपानी टिश्यू मागवून घ्या. पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून तिथे फाडायची, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड जाणवत नाही. पाच-सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी पाठीमागून लावा, वर बटर पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर वजन. निदान दोन तास हलवू नका. चकचकीत आर्ट पेपरवर आधी कोपऱ्यात पाण्याचा टिपका टाकून बघा. थर सुटत असेल तर थांबा. जुनी सेलोटेप कागदात मुरलेली असेल तर ती घरी ओढायची नाही, ते काम कागद-संवर्धकाचं.

फ्रेम

फ्रेमवाल्याला चार गोष्टी सांगूनच कागद हातात द्या: अ‍ॅसिड-फ्री माऊंट, काच आणि कागदात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा, पाठीमागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफऐवजी सनपॅक (आतून पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा), आणि चिकटवायचं फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, टिश्यू आणि खळीने. सर्व बाजूंनी चिकटवलेला कागद पावसाळ्यात फुगतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि तो लाटा धरतो.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाचा मारा तिकडूनच असतो, ती भिंत जून ते सप्टेंबर ओलच धरते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बुटणं लावली की मागून हवा खेळते. उजेडात आधी लाल आणि पिवळा उडतो, मग उरतं निळसर भूत. एअर इंडियाच्या जाहिरातीत सगळा जीव त्या लालात असतो, म्हणून तीन-चार महिने लावा आणि मग फ्रेम उतरवून दुसरी लावा. अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच मदत करते, पण साधा उजेडही रंग खातो.

पावसाळा आणि पूर

कपाटातल्या कागदासाठी 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य. घट्ट झाकणाच्या 60 लिटरच्या प्लॅस्टिक डब्यात साधारण एक किलो सिलिका जेल ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका. 60 च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास तापवून परत भरा. 35 च्या खाली गेला तर जेल कमी करा, फार कोरडा कागद घडीवर मोडतो. कीड दिसली तर कागद प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर बाहेरचं दव कागदावर जमतं.

2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते ज्याच्या त्याच्या लक्षात आहे. संग्रह तळमजल्यावर असेल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली की डबे वर न्या. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका, तेव्हा घरातल्या माणसांचं आणि जनावरांचं बघायचं असतं.

तरीही कागद भिजलाच, तर आर्ट पेपरची मासिकं आधी हाती घ्या. त्यावरचा मातीचा लेप ओला असताना मऊ होतो आणि सुकताना पानांना एकमेकांशी चिकटवून वीट करतो. एकदा वीट झाली की सुटत नाही. चिखल असेल तर अंक मिटलेला ठेवून स्वच्छ पाण्याच्या टबात हलकेच बुडवा, चोळू नका. ओली पानं ओलीच असताना सुटी होत असतील तर प्रत्येक पानात बटर पेपर घाला. वेळ नसेल तर पिशवीत घालून 48 तासांच्या आत फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढचं काम आठवड्याने केलं तरी चालतं. साध्या कागदाची टाइमटेबलं टीपकागदात ठेवून पंख्याखाली सुकवा, पण वारा थेट कागदावर नको. टीपकागद पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बदला. उन्हात नाही, इस्त्रीखाली नाही. लगेज लेबलांच्या पाठीला डिंक असतो, म्हणून ती सुकताना डिंकाची बाजू वर ठेवा आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत त्यावर काहीही दाबून ठेवू नका.