कुत्र्याची नखं कापताना आणि पंजे सांभाळताना या चुका टाळा

आमच्या गुंडीची नखं वाढली की आधी कानाला कळतं. ती स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली की फरशीवर टक टक वाजतं. दोन वर्षांपूर्वी हा आवाज मी दीड महिना नुसता ऐकत राहिले आणि मग एका रविवारी सगळी नखं एका बैठकीत उरकायला बसले. सहावं नख खोल गेलं. गुंडी केकाटली, पांढऱ्या टाइल्सवर रक्ताचे ठिपके पडले, आई दारातून "अगं सोड तिला, सोड!" म्हणत होती आणि मी कापसाने रक्त पुसत होते. नुसतं पुसल्याने ते थांबत नाही, घट्ट दाबून धरावं लागतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढे चार महिने नेलकटरचा खण उघडल्याचा आवाज आला की गुंडी पलंगाखाली जायची.

त्या दिवशीची खरी चूक दीड महिना आधीच झाली होती. कुत्र्याच्या नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असलेला जिवंत भाग असतो. नख वाढू दिलं की त्याच्याबरोबर हा भागही पुढे सरकतो. म्हणून फार वाढलेलं नख एका फटक्यात आखूड करता येतच नाही, केलं तर रक्त येणारच. उलट दर आठवड्याला टोकाचा अगदी पातळ काप काढत राहिलं तर आतला भाग हळूहळू मागे जातो आणि काही आठवड्यांत नख बेतात येतं. कुत्रं सरळ उभं असताना नखं जमिनीला टेकत नसली की लांबी बरोबर आहे असं समजा. लांब नखं बोटं वर ढकलतात, चालण्याची ढब बिघडते आणि म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला त्याचा त्रास जास्त होतो.

काळ्या नखात अंदाजाने कापणं

पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. आपल्या देशी कुत्र्यांची नखं मात्र बहुतेक वेळा काळी असतात. मोबाइलचा टॉर्च मागून धरा असं बरेच जण सांगतात, पण गडद काळ्या नखात त्याने काही दिसत नाही. मला उपयोगी पडली ती डॉक्टरांनी दाखवलेली पद्धत. एक-एक मिलिमीटरचा काप काढायचा आणि दर कापानंतर नखाचा छेद समोरून बघायचा. सुरुवातीला तो कोरडा, खडूसारखा पांढुरका दिसतो. मग मध्यभागी करडा किंवा काळसर, थोडा ओलसर ठिपका दिसायला लागतो. तो दिसला की त्या नखाचं काम संपलं. अजून थोडं निघेल असं वाटतं, पण तिथेच थांबा.

माणसांचं नेलकटर वापरू नका. कुत्र्याचं नख गोल आणि जाड असतं, ते त्यात दाबलं जाऊन चिरतं. पेट शॉपमधलं पकडीसारखं कटर घ्या आणि पात्याची धार गेली की बदला. बोथट पातं नख कापण्याआधी चेपतं, आणि ती कळ कुत्र्याला रक्त न येताही लागते. नखं घासायचा विजेवरचा ग्राइंडर वापरत असाल तर एका नखावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, नख तापतं. लांब केसांच्या कुत्र्याचे पंजाचे केस त्यात गुंतणार नाहीत हेही बघा.

रक्त आलं तर

स्वच्छ कापड किंवा कापूस नखाच्या टोकावर पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका. स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी पूड) असेल तर उत्तम, नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकावर दाबा. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, या गोळ्या कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात.

धरून-दाबून कापणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. एकाने मान धरायची, दुसऱ्याने पाय, तिसऱ्याने कापायचं, असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुत्रं तिप्पट जोर लावतं. गुंडीसाठी मला शून्यापासून सुरुवात करावी लागली. पहिला आठवडा फक्त पंजा हातात घ्यायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात कटर शेजारी ठेवायचं, नखाला नुसतं टेकवायचं. मग एका दिवशी एकच नख. आजही मी दिवसाला दोन-तीन नखांच्या वर जात नाही. ताटलीला दही फासून समोर ठेवलं की ती चाटत बसते, तेवढ्यात काम होतं. पाय बाजूला ताणू नका. कुत्र्याचा पाय पुढे-मागे सहज हलतो, बाजूला ओढला की खांदा आणि कंबर दुखते. मागचा पाय घोड्याला नाल ठोकताना वळवतात तसा मागे वळवून धरा, पंजाची खालची बाजू समोर येते.

अंगठ्याचं नख विसरणं

पुढच्या पायांना आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्यासारखं पाचवं नख असतं. काही कुत्र्यांना ते मागेही असतं. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. रस्त्यावर भरपूर हिंडणाऱ्या कुत्र्याची बाकी नखं आपोआप घासली जातात, पण हे गोल वळत जाऊन कातडीत रुतू शकतं. केसाळ कुत्र्यांत तर ते दिसतही नाही. बोटाने चाचपून बघा.

पावसाळ्यात पंजे ओले ठेवणं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पंजांचे हाल होतात. फिरून आल्यावर आपण पाय वरवर पुसतो आणि बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात. तिथे यीस्ट नावाची बुरशी वाढते. कुत्रं सारखे पंजे चाटतं, केस तांबूस होतात, आंबूस वास येतो. साध्या पाण्याने धुवा आणि प्रत्येक बेचकीत टॉवेलचं टोक घालून कोरडं करा. डेटॉल किंवा फिनाइल लावू नका, कातडी जळते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. खोबरेल तेलाचा जाड थरही नको, त्याने ओल आत कोंडते. वास आणि लाली आठवडाभर राहिली तर औषध डॉक्टरांनीच द्यायला हवं. पुसताना बेचकीत गोचीड आहे का तेही बघा. ही तिची आवडती जागा आहे आणि गोचिडीतून येणारा ताप जिवावर बेतू शकतो.

उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्या वेळी कुत्र्याला रस्त्यावर नेऊ नका. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे तर सूर्य उगवायच्या सुमारासच फिरवून आणावं लागतं.

नख मुळाजवळ तुटून लोंबकळत असेल तर ते ओढून काढू नका. पंजावर स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि दवाखान्यात न्या. घट्ट पट्टीने बोटं सुजतात.

काही कुत्री इतकं सगळं करूनही कटर जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी फूट-दीड फुटाच्या फळीवर हार्डवेअरच्या दुकानातला 80 नंबरचा काचकागद चिकटवा, फळी तिरकी धरा आणि खरवडायला शिकवा. फळीला पंजा लागला की खाऊ, ओरखडा काढला की जास्त खाऊ. आमच्या शेजारचा लॅब्रेडॉर चार दिवसांत शिकला. पुढच्या पायांची नखं त्याने छान घासली जातात. मागच्या पायांना हे जमवायला वेळ लागतो, आणि अंगठ्याच्या नखाला फळी लागत नाही, ते हातानेच कापावं लागतं.