बेळगावातून एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी: दोन फायटर विमानांची तुलना करायला मी कसा शिकलो

सुट्टीत गावाकडं आलो की पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं हमखास विचारतात, दादा एफ-१६ भारी की मिराज, आपलं तेजस डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळच्या लढाईत, टिकतंय काय, आणि त्याच दमात, एरोनॉटिकल घेऊ काय. तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच ठिकाणी मिळालं, म्हणून एकत्रच लिहितोय.

आधी माझं सांगतो. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, घर सांबऱ्याच्या बाजूला, विमानतळ आणि एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल जवळ असल्यानं विमानाचं वेड लहानपणापासूनच. पीयूसीला गेल्यावर त्रिज्येचं रेडियस झालं, प्रवेगाचं अ‍ॅक्सिलरेशन झालं आणि पहिले सहा महिने नुसते शब्द जुळवण्यात गेले. मी एक वही केली होती, डावीकडं मराठी शब्द उजवीकडं इंग्रजी, ती वही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पुरली. मराठी मिडीयमच्या पोरांनी हे पीयूसीच्या पहिल्या आठवड्यापासून करा, विषय तुम्हाला येत असतोय, फक्त नाव ओळखीचं नसतंय.

मग सीईटी ही प्रवेश परीक्षा, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) अंडर कॉलेज, बेंगळुरू. शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी प्रोजेक्ट घेतला, मिराज २००० आणि एफ-१६ यांची डॉगफाइटमधली तुलना. नेटवरून आकडे गोळा केले, जास्तीत जास्त थ्रस्ट (इंजिनचा पुढं ढकलणारा जोर), रिकाम्या विमानाचं वजन, टॉप स्पीड, दोन कॉलम केले आणि ज्याचे आकडे मोठे ते जिंकलं असं लिहून टाकलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, किती उंचीवर? इंधन किती? मिसाईल किती लटकवलेत? एकाचंही उत्तर आमच्याकडं नव्हतं. मार्क कमी पडले त्यापेक्षा चार वर्षं शिकून हा प्रश्न मला स्वतःला पडला नाही याचं जास्त वाईट वाटलं, आणि रिझल्टनंतर मी ते सगळं एकट्यानं पुन्हा केलं.

तर पहिली गोष्ट, डॉगफाइटमध्ये टॉप स्पीड जवळपास कामाला येत नाही, वळण कामाला येतंय. चोर्ल्याच्या घाटात बाईक जोरात असली की वळण बाहेर बाहेर जातंय, विमानाचं तसंच. ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर, ओढून ताशी ७२० किलोमीटरनं वळलात तर सेकंदाला साधारण २५ अंश फिरता आणि त्रिज्या ४५५ मीटरच्या आसपास येते, तेच ९ जी १०८० च्या स्पीडला ओढलं तर १७ अंशच मिळतात आणि त्रिज्या हजार मीटरच्या वर जाते. मग अजून स्लो का जायचं नाही? कारण लिफ्ट, म्हणजे पंखांचा वर उचलणारा जोर, स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, एका स्पीडच्या खाली पंख ९ जी देऊच शकत नाहीत. तो जो सगळ्यात कमी स्पीड, जिथं पूर्ण जी मिळतात, त्याला कॉर्नर स्पीड म्हणतात आणि पायलट त्याच्या आसपास राहायला बघतो.

आता खरी मेख. वळणाचे दोन प्रकार, एकदा झटक्यात मारलेलं आणि दुसरं स्पीड न गमावता फिरत राहिलेलं. लिफ्टमुळं जो ड्रॅग, म्हणजे हवेचा मागं ओढणारा जोर, होतो तो जीच्या वर्गानं वाढतो, म्हणजे त्याच स्पीडला सरळ उडताना जेवढा असेल त्याच्या साधारण ८१ पट ९ जीला, आणि हे इंजिनानं भरून काढलं नाही तर स्पीड पडणारच. मिराजचा पंख ४१ चौरस मीटर, एफ-१६ चा २८ च्या आत, आणि मिराज वजनाला हलकं, त्यामुळं पहिला झटका मिराज जोरात मारतं. पण त्याचं इंजिन ९५ किलोन्यूटनचं, नंतरच्या एफ-१६ चं १२५ च्या वर, शिवाय मिराजचा डेल्टा (त्रिकोणी) पंख नाक वर केलं की फार ड्रॅग करतो, म्हणून दोन चकरा झाल्या की एफ-१६ चं पारडं जड व्हायला लागतं. ह्या दोघांत भारी कोण हा प्रश्नच अर्धा आहे, लढाई किती सेकंद चालली ते आधी सांगा.

हे सगळं एका आकड्यात बसवायचं काम अमेरिकेत १९६० च्या दशकात जॉन बॉइड आणि थॉमस क्रिस्टी यांनी केलं, थ्रस्टमधून ड्रॅग वजा करा, स्पीडनं गुणा, वजनानं भागा. उत्तर शून्याच्या वर तर अजून वेग किंवा उंची मिळवता येते, शून्य तर तसंच फिरत राहता येतं, खाली तर तुम्ही खर्चात आहात. मला हे समीकरण कळलं त्या रात्री झोप लागली नाही, इतकं साधं आणि इतकं खोल.

वजनाचं तर आपल्याकडं सांगायलाच नको, उसाची भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली एकाच ट्रॅक्टरला कशी वेगळी वागते ते निपाणी-चिक्कोडीकडच्या पोराला माहीत असतंय. उंचीही तशीच, २० हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर, इंजिनही दमतं आणि पंखही.

आणि वळणच सगळं नाही. सोव्हिएत मिग-२९ बरोबर आर-७३ मिसाईल आणि हेल्मेटवरची साइट (नेम धरायचं यंत्र) आली, पायलटनं मान वळवून बघितलं की निशाणा, नाक शत्रूकडं आणायची गरजच कमी झाली. १९९० ला जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीकडची ही विमानं पश्चिमेच्या हातात आली, तेव्हा तिकडच्या पायलटांना सरावात याची ताकद नीट कळली. लहान असण्याचाही फायदा असतो, १९६५ च्या युद्धात आपलं इवलंसं नॅट विमान पाकिस्तानच्या सेबरला दिसायलाच अवघड जायचं.

एरोनॉटिकल घ्यायचं असेल तर डिफरन्सिएशन आणि ट्रिगनॉमेट्री पक्की करा, एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन साइटवर फ्लाइट मेकॅनिक्सचे कोर्स फुकट आहेत, आणि कन्नड बोलायला शिका, वर्कशॉपमधले जुने टेक्निशियन कन्नडमध्ये जे सांगतात ते पुस्तकात नसतंय. हत्तरगीला एक्वस कंपनीत विमानाचे पार्ट बनतात, ते काम चांगलंच आहे पण मशीनिंगचं, तिथं मेकॅनिकलवालाही जातो. परफॉर्मन्सचं काम करायचं तर बेंगळुरूची एडीए (तेजसचं डिझाइन करणारी), एचएएल (विमानं बनवणारी), एनएएल (संशोधनाची) या सरकारी संस्था, आणि त्यासाठी गेट या परीक्षेचा एरोस्पेसचा पेपर डोक्यात ठेवा.

पण आजपासूनच सुरू करायचं असेल तर सांबऱ्याला उतरणारं विमान बघा. वळताना ३० अंश कललं असेल तर आतल्या माणसावर १.१५ जी येतो, ६० ला २ जी. एक भागिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन, एवढंच गणित आहे, ते वहीत करून बघा आणि मग ९ जीसाठी किती कलावं लागेल ते काढा.