उपसागरात कमी दाब, नागपुरात तयारी: ऑगस्ट-सप्टेंबरसाठी

पोळा आटोपला, मारबत निघाली, की नागपुरात पाऊस संपल्यासारखं वाटायला लागतं. दुपारचं ऊन चटके देतं, छत्र्या माळ्यावर जातात. पण याच दिवसांत, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत, वायव्य बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होत असतात. ती ओडिशा किंवा उत्तर आंध्रचा किनारा ओलांडतात आणि छत्तीसगडमार्गे आपल्याकडे सरकतात. गोपालपूरच्या किनाऱ्यापासून नागपूर सरळ रेषेत साधारण साडेसहाशे किलोमीटर. ताशी १५ ते २० किलोमीटरच्या चालीने केंद्र इथवर यायला दीड-पावणेदोन दिवस लागतात, पाऊस मात्र केंद्राच्या आधीच पोहोचतो. म्हणून किनारा ओलांडल्याची बातमी आली की एक पूर्ण दिवस हातात आहे असं धरा आणि कामं त्या हिशेबाने लावा.

पहिली नजर समुद्रावर. हवामान खात्याचं दुपारचं राष्ट्रीय बुलेटिन रोज वाचायची सवय या दोन महिन्यांत तरी असावी. त्यातल्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. वारे ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असतील तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ असतील तर डिप्रेशन, ५० ते ६१ असतील तर डीप डिप्रेशन आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. नागपूरकरांनी या पायऱ्यांवर फार विसंबू नये. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला वाऱ्याची ताकद महत्त्वाची, आपल्याला मार्ग महत्त्वाचा. साधं कमी दाबाचं क्षेत्रही योग्य वाटेने आलं तर शहर बुडवू शकतं.

मार्ग का, तर पश्चिम-वायव्येकडे जाणाऱ्या अशा क्षेत्राचा सगळ्यात जोरदार पाऊस त्याच्या नैऋत्य भागात पडतो. केंद्र आपल्या उत्तरेकडून, म्हणजे उत्तर छत्तीसगड आणि पूर्व मध्य प्रदेशातून निघालं, की नागपूर नेमकं त्या भागात येतं. केंद्र बरंच दक्षिणेकडून गेलं तर आपल्याकडे पूर्वेचा वारा आणि रिपरिप, आणि खरा मार दुसरीकडे. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ चक्रीवादळ कलिंगपट्टणम आणि गोपालपूरच्या मधून जमिनीवर आलं, तेलंगणावरून सरकलं आणि पाण्याचा तडाखा मराठवाड्याला बसला. म्हणून नकाशा उघडून केंद्राची जागा रोज पेन्सिलने टिपा. दोन ठिपके जोडले की तिसरा कुठे पडेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

घरचा वारा आणि दाबही बोलतात. गच्चीवर काठीला हलकी फीत बांधा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला, जरासं पुढे असतं. गल्लीतला वारा इमारतींमुळे फसवतो, म्हणून खालच्या पातळीवर पळणाऱ्या ढगांच्या तुकड्यांची दिशाही बघा, ती जास्त खरी. केंद्र उत्तरेकडून जात असेल तर वारा वायव्येकडून पश्चिमेला आणि पुढे नैऋत्येला वळतो. दक्षिणेकडून जात असेल तर ईशान्येकडून पूर्वेला आणि मग आग्नेयेला. सहा तासांत दिशा कशी वळली हे लिहून ठेवलं की बातम्यांची वाट बघावी लागत नाही.

दाबासाठी बऱ्याच मोबाइलमध्ये सेन्सर असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे मोबाइलचा आकडा बुलेटिनमधल्या आकड्यापेक्षा साधारण ३४ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) कमी दिसेल. तो बिघाड नव्हे. खरी चूक वेगळीच होते: आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी ताडला तर रोज वादळ येतंय असं वाटेल. आजचा चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशीच ताडा. चोवीस तासांत तीन हेक्टोपास्कल किंवा जास्त उतरला, तर कमी दाब जवळ येतोय असं समजायला हरकत नाही. मोबाइल नेहमी त्याच मजल्यावर ठेवून बघा, तीन मजले चढलात तरी आकडा एकाने घसरतो.

रडारचं चित्र शेवटच्या सहा तासांसाठी. नागपूरच्या डॉप्लर रडारच्या चित्रावर वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवा. नाही तर आत्ताचं चित्र जुनं वाटेल आणि येणारा पाऊस ओसरला समजून बसाल. एक चित्र बघून काही कळत नाही, तासाभराची चित्रं ओळीने लावा. जे ठिपके हलतच नाहीत ते बहुधा टेकड्या-इमारती. जे हलतात त्यांत एकामागून एक पेशी, म्हणजे जोरदार पावसाच्या ढगांचे पुंजके, त्याच रेषेवरून शहरावर येताना दिसल्या, तर नाल्या तुंबायला तासभर पुरतो. तीन तासांपुरता तातडीचा इशाराही हवामान खातं देतं, तो याच वेळी बघायचा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. मेघगर्जना ऐकू आली की मोकळ्यावर थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा.

इशाऱ्यांचे आकडे चोवीस तासांचे असतात, हे नीट ध्यानात ठेवा. ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच १०० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. चोवीस तासांच्या मोजपट्टीवर हा आकडा सगळ्यात खालच्या गटात बसतो. म्हणून ‘फक्त यलो अलर्ट, म्हणजे सगळ्यात सौम्य इशारा आहे’ म्हणून निवांत झोपू नका, आणि सगळी कामं दिवे लागायच्या आधी उरका.

कामांची सुरुवात गच्चीपासून. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, आणि ते दोन-तीन पाइपांतूनच उतरायचं असतं. तोंडावरची जाळी उचला, खालची माती आणि पिंपळाची पानं हाताने काढा, मग दोन बादल्या पाणी ओता आणि खाली चेंबरपाशी एकाला उभं करा. वरून पाणी गेलं आणि खाली आलं नाही, तर अडथळा मधल्या वळणावर आहे. तिथे बांबूची काठी चालत नाही, प्लंबरची लवचीक तार लागते, आणि प्लंबर पावसात मिळत नाही. जाळी काढून ठेवण्याचा मोह आवरा, पहिल्याच सरीत पान आत जाऊन पाइप बसतो. कठड्याला जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी पन्हळ नसेल तर या वर्षी बसवून घ्या. दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर दर चौरस मीटरवर शंभर किलो भार येतो, आणि जुन्या घरांना तो झेपेलच असं नाही.

तळमजल्यावर पाणी दारातून येण्याआधी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासातून उलटं येतं, कारण बाहेरचं गटार भरलेलं असतं. दाराला गोण्या लावून हे थांबत नाही. जाळीवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर वाळूची पिशवी ठेवा. दारासाठीच्या गोण्या दोन-तृतीयांशच भरा. ठासून भरलेली गोणी गोल राहते आणि फटीतून पाणी येतं, सैल गोणी बसते. विटांसारखे सांधे चुकवून रचा. इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिज, धान्याचे डबे दोन फूट उचला. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. तळघरातली गाडी संध्याकाळीच उंच रस्त्यावर लावा. इंजिनात पाणी गेलं असेल तर किल्ली फिरवू नका, सुरू करायच्या प्रयत्नातच इंजिन फुटतं. मेन स्विच पाय कोरडे असतानाच पाडायचा. एकदा पाण्यात उभे असलात तर त्याला हात लावायचा नाही. गच्चीवरची टाकी आधी भरून घ्या. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं तर ते उपसून, धुऊन, निर्जंतुक करेपर्यंत पिऊ नका. बाकी टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, कागदपत्रांची प्लॅस्टिकची थैली, हे सगळं एका पिशवीत. ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ कागदावर लिहून भिंतीला लावा.

पाऊस मोजायला सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं पुरे. सोड्याच्या बाटलीचं बूड उंचसखल असतं, तिच्यात थोडे खडे घालून वर पाणी ओता आणि त्या रेषेला शून्य धरा. भिंतीपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट दूर, जमिनीपासून फूटभर उंच खुंट्याला बांधा. कठड्यावर ठेवलेलं भांडं वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतं. सकाळी साडेआठला वाचा आणि रिकामं करा, हवामान खात्याचा दिवसही तिथेच संपतो. मुसळधार सुरू असेल तर दर तासाला बघा: तासाला ३० मिलीमीटरच्या वर जात असेल तर नाल्याकाठच्यांनी वरच्या मजल्यावर जावं, सायरनची वाट बघू नये.

ग्रामीण भागात एक काम जास्तीचं आहे. सोयाबीन कापणीला आलं असेल आणि क्षेत्र किनाऱ्यावर पोहोचलं असेल, तर कापू नका. उभ्या पिकापेक्षा कापून पडलेल्या पेंढ्या जास्त सडतात. कापलेलंच असेल तर ढीग उंचवट्यावर रचा, ताडपत्री वरून झाका आणि भोवती चर काढा. संत्र्याच्या बागेत आळ्यात साचलेलं पाणी त्याच दिवशी काढा, नाही तर फळगळ होते. पारशिवनी, मौदा, कुहीकडच्या नदीकाठच्या गावांनी आभाळ निवळल्यावरही दोन दिवस सावध राहावं. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीतून सोडलेलं पाणी पेंचमधून कन्हानला येतं, आणि ते पाऊस थांबल्यानंतर येतं. विसर्गाचे आकडे तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडून दर सहा तासांनी विचारा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर दिसलं तरी उतरू नका. खालचा रस्ता वाहून गेला आहे का, हे वरून कधीच दिसत नाही.