दगडातलं फूल, डहाळीवरचं फूल: मुंबईत जोडचित्रांची मालिका कशी करावी

सीएसएमटीच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकाच्या, दर्शनी भिंतीवर एक अख्खी बाग आहे. खांबांच्या माथ्यावर पानं, कमानींच्या कडेनं वेली, मधूनच एखादा मोर. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ पासून दहा वर्षं ही इमारत बांधली जात होती, आणि तिच्या नक्षीकामात जवळच्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मी त्या बागेचे पुष्कळ फोटो काढले. ते नीटनेटके होते, पण नोंदवहीसाठी काढल्यासारखे वाटायचे. एकदा दगडातल्या पानाशेजारी खरं पान ठेवलं आणि घरातले सगळे त्या दोन फोटोंपाशी थांबले. तेव्हापासून मी जोड्याच करते. साधा मोबाइल असला तरी हे जमतं.

आधी दगड शोधा, मग फूल

उलटं केलंत तर फसाल. फुलं हवी तशी मिळतात, कोरीव काम मात्र आहे तेवढंच आहे. पहिल्या फेरीत कॅमेरा बाहेर काढू नका. फोर्टात दोन तास फिरा आणि वहीत लिहा: कुठल्या खांबावर काय आहे, किती उंचीवर, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला. दिशा लिहायला विसरू नका, पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

ओव्हल मैदान या कामासाठी फार सोयीचं आहे. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, म्हणजे गॉथिक दगड (टोकदार कमानींची, भरगच्च कोरीव कामाची शैली). पश्चिमेला आर्ट डेको इमारती (सरळ रेषा आणि साध्या आकारांची नंतरची शैली). या दोन्ही शैलींच्या इमारतींचा समूह मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. एका बाजूला पाकळी न् पाकळी कोरलेली, दुसऱ्या बाजूला तेच निसर्गरूप चार सरळ रेषांत आणलेलं. मालिकेत दोन्ही घ्या. आर्ट डेको इमारतींत लोक राहतात, तेव्हा फाटकाच्या आत शिरण्याआधी वॉचमनला विचारा आणि खिडक्यांवर लेन्स रोखू नका.

ऊन भिंतीला घासून जाईल ती वेळ पकडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. सीएसएमटीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे म्हणून मी सुरुवातीला संध्याकाळी पाचला जायचे. ऊन सोनेरी असायचं, पण समोरून सपाट पडायचं आणि सगळी नक्षी भिंतीत विरून जायची. कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे. पश्चिमेच्या भिंतीवर ती सावली दुपारी पडते: सूर्य माथ्यावरून नुकताच कलतो आणि ऊन भिंतीला घासत खाली उतरतं. साधारण एक ते दोनची वेळ. पूर्वेकडे तोंड असलेल्या आर्ट डेको भिंतींना याच कारणानं अकरा ते बारा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे सावल्या तिरप्या आणि लांब पडतात. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा छज्ज्यांच्या सावल्या सरळ खाली पडून अर्धी नक्षी झाकतात.

उंचावरचं कोरीव काम खालून टिपलं की चेपलेलं दिसतं. रस्ता ओलांडून लांब जा आणि झूम करा. जितकं लांब जाल तितका कोन सरळ होतो. २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, म्हणजे हात हलून फोटो बिघडणार नाही. मोबाइलवर बोटांनी ताणलेलं झूम टाळा, दूरचं टिपणारी वेगळी टेलीलेन्स असेल तर तीच वापरा. ट्रायपॉड उघडण्याआधी परवानगीची चौकशी करा.

आता फूल

पहाटे दादरच्या फुलबाजारात जा, पण फोटो काढायला नको, खरेदीला जा. तिथल्या निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचा रंग फुलांवर उतरतो आणि नंतर निघता निघत नाही. वहीतलं चित्र डोळ्यांपुढे ठेवून कमळ, शेवंती, निशिगंध निवडा. झाडावरचंच हवं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा (बुधवारी बंद असते). एप्रिल-मेमध्ये तामण आणि बहावा बघा. कैलासपतीची फुलं खोडावरच लागतात, त्यामुळे ती बऱ्याचदा डोळ्यांच्या उंचीवर सापडतात.

घरी एका खिडकीशेजारी फूल ठेवा, मागे काळा कार्डपेपर उभा करा, दिवे आणि पंखा बंद करा. मग दगडाचा फोटो समोर ठेवून पाहा: तिथे उजेड डावीकडून आहे की उजवीकडून? फूल त्याच बाजूनं उजळेल असं फिरवा. जोडी इथेच जुळते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ ठेवा, म्हणजे पुढच्या पाकळीपासून मागच्यापर्यंत रेखीव येईल. मोबाइलवर फार जवळ जाऊ नका, थोडं मागे सरून नंतर कापा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं फूल फोटोत नुसतं पांढरंफेक होतं, पाकळ्या दिसत नाहीत, म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) एक पायरी खाली आणा.

जोडी लावताना

दोन्ही फोटो कृष्णधवल करा. झेंडूचा केशरी रंग शेजारी असला की दगडाकडे कोणी बघत नाही. चौकटीत दोन्ही आकार सारखे मोठे ठेवा, काळा रंगही दोन्हींत सारखाच गडद आणा. ए४ आकाराच्या छपाईला साधारण ३५०० × २५०० पिक्सेल लागतात, कापून फोटो त्याहून लहान करू नका. कागद मॅट घ्या; चकचकीत कागदावर दगड ओला वाटतो.

छापलेल्या जोड्या आठवडाभर भिंतीवर टेप लावून राहू द्या. जाता-येता नजर पडते आणि एखादी जोडी खटकू लागते. बहुतेक वेळा उजेडाची बाजू चुकलेली असते. ती काढा, फूल पुन्हा आणा आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला ठेवून परत टिपा.